विश्लेषण : मुद्दाम जुने केलेले लेदर जॅकेट पडल्यावर कितपत वाचवते?

थंडीची चाहूल लागली, की ऑनलाइन दुकानांत बायकर जॅकेटची गर्दी होते. त्यात एक प्रकार हमखास दिसतो. रंग तपकिरी किंवा काळा, कोपरांवर तो उडालेला, खांद्यांवर सुरकुत्या. दहा वर्षे लडाखच्या वाऱ्या करून आल्यासारखे दिसणारे हे जॅकेट प्रत्यक्षात नुकतेच कारखान्यातून बाहेर पडलेले असते. खाली ओळ असते, 'रोजच्या वापरासाठी आणि रायडिंगसाठी'. रोजच्या वापराला कोणतेही जॅकेट चालते. 'रायडिंगसाठी' हा मात्र सुरक्षेचा दावा आहे आणि तो तपासण्यासाठी लागणारी माहिती बहुतेक वेळा दिलेलीच नसते. त्या एका शब्दावर विसंबून घाटात उतरणाऱ्या तरुणांची संख्या मोठी असल्याने हा दावा उलगडून पाहायला हवा.

‘डिस्ट्रेस्ड’ म्हणजे नेमके काय?

डिस्ट्रेस्ड म्हणजे मुद्दाम जुने दिसेल असे केलेले लेदर. त्याच्या काही ठरलेल्या पद्धती आहेत. कडांवरचा आणि शिवणींवरचा गडद रंग पुसून खालचा फिका रंग उघडा करतात. सँडपेपर किंवा फिरत्या ब्रशने पृष्ठभाग घासतात. तेल-मेण मुरवतात, म्हणजे दुमडल्यावर तिथला रंग फिकटतो. मोठ्या ड्रममध्ये घुसळून सुरकुत्याही पाडतात.

यात फक्त रंगाचा थर निघाला, तर चामड्याच्या ताकदीला विशेष धक्का लागत नाही. घासणे खोल गेले, तर मात्र तेवढ्या भागात चामडे पातळ होते. मेख अशी, की जॅकेट 'वापरलेले' वाटावे म्हणून खांदे आणि कोपर जास्त घासले जातात. गाडीवरून पडल्यावर रस्त्याला आधी टेकतात तेही बहुतेकदा खांदे आणि कोपरच.

हे जॅकेट मुळात कोणासाठी होते?

मोटारसायकल चालवणाऱ्यांसाठीच. न्यूयॉर्कमधील 'शॉट ब्रदर्स' या कंपनीच्या अर्व्हिंग शॉट यांनी १९२८ मध्ये 'परफेक्टो' हे जॅकेट बाजारात आणले. नाव त्यांच्या आवडत्या सिगारचे आणि किंमत साडेपाच डॉलर. सुरुवातीला ते घोड्याच्या जाड कातड्याचे असे. त्यातली प्रत्येक गोष्ट कामाची होती. तिरक्या चेनमुळे पुढे वाकून बसल्यावर पोटाशी ती टोचत नसे आणि छातीवर कातड्याचा दुहेरी पदर येऊन वारा अडे. कॉलरची पाती वाऱ्याने फडफडू नयेत म्हणून त्यांना टिचबटणे होती. बाह्यांच्या टोकांना चेन होती, कारण त्यातूनही वारा आत शिरत असे.

१९५३ मध्ये 'द वाइल्ड वन' या चित्रपटात मार्लन ब्रँडो या धाटणीच्या जॅकेटमध्ये दिसला आणि ते बंडखोरीची खूण बनले. ब्रिटनच्या परीक्षण मंडळाने या चित्रपटाला १९६७ पर्यंत प्रमाणपत्र नाकारले होते. त्यानंतर रॉक संगीताने हे जॅकेट उचलले आणि पुढे मॉलने. या प्रवासात तिरकी चेन आणि टिचबटणे टिकली, जाड कातडे मात्र मागे पडले. पूर्वी वर्षानुवर्षे गाडी चालवून जॅकेटला जो जुनेपणा यायचा, तो आता पहिल्याच दिवशी विकत मिळतो.

पडल्यावर नेमके काय होते?

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. कपडे आणि डांबर यांच्यातील घर्षणाचा गुणांक ०.६ धरला, तर या वेगाने पडलेला माणूस थांबेपर्यंत सुमारे २४ मीटर घसरतो आणि त्याला जवळपास तीन सेकंद लागतात. वेग ८० असेल, तर हेच अंतर ४० मीटरच्या पुढे जाते. वेग एक-तृतीयांशाने वाढला, तरी अंतर पाऊणपटीहून अधिक वाढते, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हा हिशेब मोकळ्या, सपाट रस्त्याचा आहे. दुभाजक, विजेचा खांब किंवा समोरून येणारा ट्रक त्यात धरलेला नाही.

त्या तीन सेकंदांत कपड्याला तीन गोष्टी कराव्या लागतात. घासून भोक पडू द्यायचे नाही, शिवण उसवू द्यायची नाही आणि खांदा किंवा कोपर आपटल्याचा दणका कमी करायचा. पहिले काम चामड्याचे, दुसरे दोऱ्याचे आणि तिसरे आतल्या पॅडचे, म्हणजे आर्मरचे. तिन्हींपैकी एक जरी फसले, तरी उरलेल्या दोघांचा उपयोग घटतो. बाहीची शिवण उसवून बाही वर सरकली, तर चामडे कितीही जाड असले, तरी कोपर उघडाच पडतो.

फॅशनचे आणि रायडिंगचे जॅकेट यांत फरक काय?

पहिला फरक जाडीचा. मऊ, अंगावर छान बसणारी फॅशन जॅकेट बहुधा मेंढीच्या कातड्याची असतात आणि त्यांची जाडी साधारण ०.६ ते ०.९ मिलिमीटर असते. रायडिंगसाठी गाय, म्हैस किंवा बोकडाचे चामडे वापरतात. गाय-म्हशीच्या चामड्याची जाडी १.१ ते १.४ मिलिमीटरच्या आसपास असते. अर्धा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो, पण मूळ जाडीच्या मानाने तो जवळपास निम्मा आहे.

दुसरा फरक शिवणीचा. रायडिंग जॅकेटच्या मुख्य शिवणी दुहेरी-तिहेरी असतात आणि त्यातली एक आत लपलेली असते. वरचा टाका घासून गेला, तरी आतला धरून ठेवतो. तिसरा फरक आर्मरचा. फॅशन जॅकेटमध्ये खांद्यावर दिसणारी रजईसारखी शिवण बहुतेकदा नक्षीपुरतीच असते. तिच्या आत पातळ फोम भरलेला असतो आणि तो दणका शोषत नाही.

याशिवाय 'लेदर' म्हणून विकले जाणारे पीयूचे जॅकेट वेगळेच. ते पॉलिस्टरच्या कापडावर चढवलेले प्लास्टिकचे आवरण असते. घर्षणाच्या उष्णतेने ते वितळू शकते आणि जखमेला चिकटू शकते. आपल्याकडच्या दमट हवेत काही वर्षांत त्याचे पोपडेही निघू लागतात.

प्रमाणपत्रावरून काय कळते?

युरोपात मोटारसायकलच्या कपड्यांसाठी 'ईएन १७०९२' हे मानक आहे. त्यात एएए, एए आणि ए असे उतरत्या क्रमाने मुख्य दर्जे आहेत. खांदे-कोपरांसारख्या सर्वाधिक धोक्याच्या भागांची घर्षण चाचणी एएए दर्जासाठी ताशी १२०, एएसाठी ७० आणि एसाठी ४५ किलोमीटर वेगाशी जुळणाऱ्या फिरत्या यंत्रावर होते. 'बी' दर्जात घर्षणाची कसोटी 'ए'सारखीच असते, पण आर्मर नसते.

आर्मरसाठी 'ईएन १६२१' हे वेगळे मानक आहे. ५० ज्युल ऊर्जेचा आघात केल्यावर खांदा-कोपराच्या पॅडमधून पलीकडे पोहोचणारे सरासरी बल पहिल्या पातळीत ३५ किलोन्यूटनपेक्षा आणि दुसऱ्या पातळीत २० किलोन्यूटनपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे दुसरी पातळी अधिक चांगली.

येथे एक गफलत सर्रास होते. जाहिरातीत 'सीई प्रमाणित' असे लिहिलेले असते, पण ते प्रमाणपत्र आतल्या पॅडचे असते, जॅकेटचे नव्हे. पॅड उत्तम आणि त्याला धरून ठेवणारे जॅकेट कच्चे, असा प्रकार त्यातून खपून जातो. अस्तरावरच्या लेबलवर 'ईएन १७०९२' आणि दर्जाचे अक्षर असेल, तरच संपूर्ण जॅकेटची चाचणी झाली असे समजावे.

जॅकेटने खरोखर फरक पडतो का?

पडतो, पण त्याला मर्यादा आहेत. ऑस्ट्रेलियात अपघातग्रस्त २१२ मोटारसायकलस्वारांचा अभ्यास लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. मोटारसायकलसाठीचे जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याची जोखीम २१ टक्क्यांनी कमी आढळली. त्याच अभ्यासात जॅकेटांपैकी २९.७ टक्के जॅकेट अपघातात फाटून किंवा उसवून निकामी झाली होती. हे दोन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत. जॅकेट उपयोगी आहे, पण रायडिंगसाठी म्हणून घेतलेली जॅकेटही दहातली तीन टिकली नाहीत. मग केवळ दिसण्यासाठी शिवलेल्या जॅकेटकडून काय अपेक्षा करायची?

जॅकेट डोके वाचवत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात दुचाकीवरचे ७४ हजार ८९७, म्हणजे ४४.५ टक्के होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजारांवर होती. त्यामुळे पैसे मोजकेच असतील, तर आधी चांगले हेल्मेट, मग हातमोजे आणि त्यानंतर जॅकेट, हा क्रम शहाणपणाचा.

महाराष्ट्राच्या हवेत लेदर चालते का?

डिसेंबरच्या पहाटे खंडाळ्याच्या किंवा ताम्हिणीच्या घाटात लेदरसारखी ऊब नाही. मे महिन्यात नागपूरच्या चौकात सिग्नलला थांबले, की तेच जॅकेट भट्टी होते. घामाघूम झालेल्या चालकाचे लक्ष विचलित होते आणि तोही सुरक्षेचाच प्रश्न आहे. पावसाळ्यात चामडे भिजून जड होते, कपाटात बुरशी धरते आणि घाईने उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवले तर तडकते.

म्हणूनच शहरात रोज वीस-तीस किलोमीटर गाडी चालवणाऱ्यासाठी आर्मर असलेले जाळीदार कापडाचे जॅकेट अनेकदा अधिक व्यवहार्य ठरते. घर्षणात ते चांगल्या लेदरची बरोबरी सहसा करत नाही. पण अंगात असलेले 'ए' दर्जाचे जॅकेट कपाटात टांगलेल्या 'एएए' जॅकेटपेक्षा केव्हाही बरे.

विकत घेताना काय पाहावे?

– जाडी विचारावी. विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर जॅकेट रायडिंगचे नाही असे धरून चालावे.
– खिशाच्या आत किंवा कडेला चामड्याची कापलेली धार पाहावी. खऱ्या चामड्याची धार तंतुमय दिसते. विणलेले कापड दिसले, तर ते पीयू आहे.
– घासून रंग उडवलेला भाग बोटांच्या चिमटीत धरून शेजारच्या भागाशी ताडून पाहावा. तो हाताला पातळ लागला, तर जॅकेट परत ठेवावे.
– खांदे, कोपर आणि पाठ येथे आर्मरसाठी आत खिसे आहेत का, हे पाहावे. नसतील, तर आतून घालायचा आर्मरचा वेगळा शर्ट घेता येतो.
– माप गाडीवर बसून घ्यावे. हँडल धरल्यावर बाही मनगटापर्यंत यावी आणि पॅड कोपरावरून सरकू नये.

धारावीत मापाप्रमाणे लेदर जॅकेट शिवून देणारे कारागीर आहेत. त्यांना १.२ मिलिमीटरचे चामडे, दुहेरी शिवण आणि आर्मरचे खिसे सांगता येतात. जुनेपणाचा रंगही हवा तसा मिळतो. मात्र खांदे-कोपरांवर सँडपेपर मारू नये, एवढे बजावून सांगावे. असे जॅकेट प्रमाणित म्हणता येणार नाही, पण त्यात काय वापरले आहे हे घालणाऱ्याला नेमके ठाऊक असते.

जबाबदारी कोणाची?

हेल्मेटबाबत हा प्रश्न सुटलेला आहे. जून २०२१ पासून 'आयएस ४१५१' मानकाचा आयएसआय शिक्का नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकता येत नाही. जॅकेटसाठी तशी सक्ती नाही. त्यामुळे 'रायडिंग' हा शब्द कोणीही कोणत्याही कपड्यावर छापू शकतो. लगेच मानक सक्तीचे करावे, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. त्याने स्वस्त जॅकेट महाग होतील आणि लोक साध्या विंडचीटरवरच भागवतील. पण 'रायडिंग'चा दावा करणाऱ्याने चामड्याचा प्रकार, जाडी, आर्मरची पातळी आणि जॅकेटचा दर्जा या चार गोष्टी लिहिल्याच पाहिजेत. दर्जा नसेल, तर 'चाचणी झालेली नाही' असे लिहावे. ऑनलाइन दुकानांना हे चार रकाने वाढवायला नवा कायदाही लागत नाही.

फसवणूक झाली असेल, तर असलेला कायदा पुरेसा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

जुने दिसणारे जॅकेट आवडण्यात काहीच गैर नाही. कॉलेजला, सिनेमाला, मित्राच्या लग्नाला ते खुशाल घालावे. गाडीला किल्ली लावण्याआधी मात्र अस्तरावरचे लेबल एकदा वाचावे. तिथे फक्त धुण्याच्या सूचना असतील, तर ते जॅकेट थंडीपासून वाचवेल, रस्त्यापासून वाचवेल याची हमी कोणीच दिलेली नाही.