शस्त्रक्रियेच्या तारखेसोबत तयारीही सांगा



राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये सुरू झाला, तेव्हापासून अंगणवाडीतल्या तपासणीत हृदयाला छिद्र असलेली, ओठ किंवा टाळू दुभंगलेली मुले वेळेत सापडू लागली. त्यांच्या शस्त्रक्रिया मोफत होतात, हा मोठाच आधार आहे. पण तारीख मिळाल्यानंतरचे आठवडे आईबापांनी एकट्यानेच निभवायचे असतात. मजुरी बुडवून, उसनवारी करून ते मुलाला शहरात नेतात आणि छाती तपासून त्यांना सांगितले जाते, ‘सर्दी आहे, परत न्या.’ वर ‘आईने काळजी घेतली नाही’ हा ठपका ठरलेलाच. हा ठपका अन्यायाचा आहे.

शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यात भूलतज्ज्ञांचे काही चुकत नाही. खोकला थांबला तरी लहान मुलाची श्वासनलिका काही आठवडे नाजूकच राहते. भूल देताना ती आकसली तर प्राणवायू कमी पडतो. म्हणून तातडी नसेल तर साधारण दोन ते चार आठवडे थांबतात. घरातल्या विडी-सिगारेटच्या धुरानेही हा धोका वाढतो. पण हे आईला आधी कुणी सांगितलेले असते का? सांगितले असते, तर तिने घरात विडी ओढू दिली नसती आणि शिंकणाऱ्या पाहुण्यांना बाळाजवळ येऊ दिले नसते.

रक्ताचेही तेच. दुभंगलेला ओठ जोडण्याआधी वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो आणि हिमोग्लोबिन दहा ग्रॅम असावे, असा शल्यचिकित्सकांचा जुना ठोकताळा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) सांगते की महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांना रक्तक्षय आहे. रक्त भरून यायला लोहाचे औषध आणि पोषक आहार कित्येक आठवडे द्यावा लागतो. दाखल झाल्यावर तपासून काय साधणार?

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. तारीख देतानाच रक्त तपासा आणि औषध सुरू करा. सोप्या मराठीत तयारीचा कागद द्या. जेवण व वरचे दूध किती तास आधी बंद करायचे, अंगावरचे दूध कधी, पाणी कधीपर्यंत चालेल, हे त्यात स्पष्ट लिहा; नाहीतर मूल रात्रभर विनाकारण उपाशी राहते किंवा रडते म्हणून कुणीतरी त्याला बिस्कीट भरवते. आणि तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची : आजारपण कळवायला एक फोन क्रमांक द्या, आणि कळवणाऱ्याचा नंबर जाणार नाही याची लेखी हमीही द्या. आज नंबर जाईल या धास्तीने पालक खोकला लपवतात, आणि ते मुलाच्या जिवावर बेतू शकते.

यासाठी नवी इमारत लागत नाही की यंत्र लागत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांनी ठरवले तर येत्या महिन्यापासून हे सुरू होऊ शकते. ते त्यांनी करावे.

— एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका, जि. सातारा