बॉक्स बदलण्याआधी मीटर लावा

पावसाची पहिली मोठी सर आली की ठाणे, डोंबिवली, कल्याणमधल्या अनेक घरांत टीव्हीवरचे चित्र चौकोनांत फुटते आणि गोठते. तक्रार गेली की अनेकदा आधी सेट टॉप बॉक्स बदलला जातो. दोन दिवस बरे जातात, पुन्हा तेच.

केबल डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यातल्या 38 शहरांत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही होती. मुदत होती 31 मार्च 2013. बॉक्स घरोघरी आले, पण गच्चीवरून लोंबणारी को-ॲक्सिअल वायर कितीतरी इमारतींत जुनीच राहिली. ॲनालॉगच्या काळी सिग्नल घटला की पडद्यावर मुंग्या दिसत आणि दोषाची चाहूल आधीच लागे. डिजिटल चित्र जवळजवळ शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि सिग्नल मर्यादेखाली गेला की एकदम तुटते. त्यामुळे नुसते चित्र बघून दोष कळत नाही, तो मोजावा लागतो.

मोजणीचा क्रम सोपा आहे. आधी इमारतीत जिथून लाइन येते तिथे सिग्नल मीटर लावायचा, मग मजल्यावर, शेवटी घरात. जिथे आकडा अपेक्षेपेक्षा जास्त घसरतो, तिथेच दोष. थोडी घसरण स्वाभाविक असते: आरजी-6 वायर वरच्या फ्रिक्वेन्सीला 100 मीटरमागे सुमारे 20 डेसिबल खाते, एकाचे दोन करणारा स्प्लिटर साडेतीनच्या आसपास. त्याहून जास्त गेले, तर आधी वायरच्या टोकाची पिन उघडून पाहावी. वायरमधल्या धातूच्या जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला असेल, तर दोन्ही टोके सोडवून मल्टिमीटर लावताच शॉर्ट दिसतो. जाळी काळवंडली असेल तर पाणी आत मुरले आहे. तेवढा तुकडाच बदलायला हवा.

यावर ॲम्प्लिफायर चढवणे हा उपाय नव्हे. तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो.

केबल चालकाने प्रमाणित उपकरणेच वापरावीत, असे 1995 च्या केबल टीव्ही कायद्याचे कलम 9 सांगते. पण चांगली वायरही घाईत बसवलेल्या पिनेमुळे वाया जाते. ठाण्यात घोडबंदर रोडवरचे नवे टॉवर असोत की डोंबिवलीतला पुनर्विकास, भिंतीतली वायर प्लास्टरआधी तपासली गेली नाही, तर पुढे भिंत फोडावी लागते. सोसायट्यांनी ताबा घेताना प्रत्येक पॉइंटची नोंदवलेली मोजणी आणि वायरचा नकाशा लेखी मागावा. घरी तंत्रज्ञ आला, की बॉक्सला हात लावण्याआधी त्याला मीटरवरचा आकडा दाखवायला सांगा.