महिन्यानंतरचा स्कॅन उपचारातच धरा

प्रोस्टेटच्या कर्करोगावर ब्रॅकीथेरपी करताना किरणोत्सारी आयोडिन-125 असलेले, जेमतेम साडेचार मिलिमीटर लांबीचे दाणे सुईने थेट ग्रंथीत बसवतात. डॉक्टर त्यांना सीड म्हणतात. ते कायमचे तिथेच राहतात आणि साधारण 60 दिवसांत त्यांचा जोर निम्मा होतो. कागदावर किरणांची मात्रा असते 145 ग्रे (ग्रे हे मात्रेचे एकक). पण सुया टोचल्याने ग्रंथी सुजते. कुणाची थोडी, कुणाची दीडपट. मग सीड एकमेकांपासून लांब जातात. सीडपासून पाच मिलिमीटरवरची पेशी सहावर सरकली, तरी त्या सीडकडून तिला मिळणारी मात्रा सुमारे 30 टक्क्यांनी घटते. सूज उतरायला काही आठवडे लागतात. आयोडिनच्या हाती त्यानंतरही वेळ उरतो. दुसऱ्या प्रकारच्या सीडमधले पॅलेडियम-103 मात्र 17 दिवसांतच निम्मे होते, त्यामुळे त्याची बरीच मात्रा सुजेच्या काळातच संपते. त्यातच कधी एखादा सीड रक्तावाटे फुप्फुसात जातो. तिथे तो सहसा त्रास देत नाही, पण ग्रंथीतल्या त्याच्या जागेला मात्रा कमी पडते.

म्हणूनच प्रत्यक्षात किती मात्रा पोचली हे पाहण्यासाठी आयोडिनच्या रुग्णाचा महिन्याने होणारा सीटी स्कॅन उपचाराचाच भाग मानला पाहिजे आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजनांनी त्याचा खर्च तसाच धरला पाहिजे. रुग्ण दाखल असतानाच स्कॅन उरका, असे कुणी म्हणेल. तो जरूर करावा. पण त्या दिवशी ग्रंथी सुजलेली असते, मात्रेचा हिशेब प्रत्यक्षापेक्षा कमी निघतो. दुसरा आक्षेप अंतराचा, आणि तो खरा आहे. भोकरदन तालुक्यातल्या धावड्याहून कर्करोगाचे सरकारी रुग्णालय गाठायचे तर छत्रपती संभाजीनगर. सीड बसवायला त्याहूनही लांब जावे लागू शकते. एका स्कॅनसाठी म्हाताऱ्या माणसाने पुन्हा तेवढा प्रवास का करावा? करू नये. पातळ कापांचा स्कॅन जवळच्या शहरात व्हावा आणि प्रतिमा सीड बसवणाऱ्या रुग्णालयातल्या भौतिकतज्ज्ञाकडे जाव्यात. धातूचे सीड सीटीत ठळक दिसतात. ग्रंथीची कड पुसट असते, तिथे एमआरआयची जोड लागते.

महिन्याने कळून उपयोग काय, हा तिसरा प्रश्न. मात्रा कमी पडली असेल, तर निवडक रुग्णांत आणखी सीड बसवता येतात किंवा बाहेरून किरण देता येतात. गुदाशयाच्या भिंतीला जास्त मात्रा मिळाली असेल, तर पुढे रक्त पडल्यावर गावाजवळचा डॉक्टर तिथला तुकडा तपासायला काढण्याची घाई करणार नाही. अशी जखम भरता भरत नाही. यासाठी तो अहवाल रुग्णाच्या फायलीत हवा.