साखळी, टोपली आणि कंत्राट

पारसच्या औष्णिक वीजकेंद्रात जळणारा कोळसा अकोला जिल्ह्याच्या भूमीतला नव्हे. तो रेल्वेच्या वाघिणींतून येतो. वाघिणीत पडण्यापूर्वी खाणीच्या पोटात त्याला प्रथम कोण ओढते, हा प्रश्न वऱ्हाडातील वीजग्राहकाला सहसा पडत नाही. यांत्रिकीकरण झालेल्या भूमिगत खाणीत ते काम पोलादी साखळी करते. भट्टीच्या तळाशी उरलेली राखही अनेक केंद्रांत पाण्याखालून साखळीच ओढून काढते.

चाळीसएक वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन चंद्रपूरकडील एका खाणीत उतरण्याचा योग आला होता. वर्गात भांडवल आणि श्रम यांचे गुणोत्तर शिकविणाऱ्या माणसाने ते एकदा कानांनी ऐकावे! पोलादी पन्हळ, तिच्यातून फिरणारी कड्यांची साखळी, साखळीला ठरावीक अंतरावर आडव्या फळ्या. त्या कोळसा खरवडत पुढे नेतात आणि रबरी पट्ट्यावर सोडतात. कोळसा फोडतात तेथपर्यंत रबरी पट्टाच का नेत नाहीत, असे एका विद्यार्थ्याने विचारले. ढेकळे आदळून पट्टा फाटतो, पन्हळ मार सोसते. छत बुटके असले तरी ती मावते आणि काम पुढे सरकले की तुकडे जोडून लांबविता येते, असे उत्तर मिळाले. लाँगवॉल पद्धतीत तर कोळसा कापणारे यंत्र या पन्हळीवरूनच धावते. यांत्रिक आधारांसह ती पद्धत भारतात १९७८ मध्ये झरियाच्या मुनिडीह खाणीत आली.

साखळीच्या आधी तेथे टोपली होती. लोडर फावड्याने कोळसा भरी आणि डोक्यावरून टबात नेऊन ओती. पूर्वी या कामात स्त्रियाही होत्या. १९३७ मध्ये त्यांना भूगर्भातील कामाची पूर्ण बंदी झाली. १९४३ मध्ये युद्धासाठी कोळसा हवा म्हणून ती उठली आणि १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. म्हणजे स्त्रीच्या प्रकृतीची सरकारी काळजी कोळशाच्या मागणीप्रमाणे कमीजास्त होत असे.

टोपली परत यावी असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. वाचलेल्या श्रमाचे मोल कोणाच्या पदरात पडले, एवढेच विचारावयाचे आहे. आपल्याकडचेच पाहा. अमरावती-अकोल्याच्या जिनांत बाया टोपल्यांनी कापूस रेच्यांवर नेऊन टाकीत. २००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाले, जिनांच्या आधुनिकीकरणाला सरकारी अनुदान मिळाले आणि हवेच्या नळ्या व पट्टे कापूस वाहू लागले. रुई स्वच्छ निघू लागली, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या बायांपैकी कित्येकींना पुढच्या हंगामाचे बोलावणे आले नाही, आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत झाली नाही.

कोळशात तसे सरसकट घडले नाही. १९७३ मध्ये खाणी राष्ट्राच्या झाल्या, १९७५ मध्ये नागपूरला वेस्टर्न कोलफील्ड्सची स्थापना झाली आणि त्याच वर्षापासून राष्ट्रीय वेतनकरार लागू झाला. लोडरची टोपली गेली तरी तो दुसऱ्या कामावर राहू शकला, कारण त्याच्यामागे संघटना व करार होता. मालकी बदलल्याने फरक पडतो, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

आज मात्र राष्ट्रीय खाणीतही दोन जाती झाल्या आहेत. मे २०२३ च्या अकराव्या करारात कायम कामगारांना किमान १९ टक्के लाभ मिळाला. कंत्राटी कामगारांचे दर निराळे, उच्चाधिकार समितीने ठरविलेले. वीजकेंद्रांत तर तेवढेही छत्र नाही. पट्ट्याखाली व साखळीखाली सांडलेला कोळसा फावड्याने उचलणारा माणूस यंत्राच्या सर्वांत जवळ आणि हजेरीपटापासून सर्वांत दूर असतो. साखळी फिरेल तोवर सांडणे आहेच, तेव्हा हे काम बारमाही आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातील बारमाही कामाची कसोटी त्याला पुरेपूर लागू पडत होती. तो कायदा होता तोवरही कंत्राटच चालले.

राज्याच्या मालकीच्या वीजकेंद्रांत तरी ही माणसे हजेरीपटावर घ्यावीत, आणि सफाईसाठी साखळी थांबविली म्हणून त्यांच्यावर ठपका येऊ नये, ही मागणी आपल्या संघटनांनी पुढील वेतन-वाटाघाटींत पहिल्या पानावर मांडावी.