लष्कराच्या भाकऱ्या कुणी भाजाव्यात?



गेल्या हिवाळ्यात माझी धाकटी मुलगी गुरुग्रामजवळच्या एका संगीत महोत्सवात स्वयंसेवक म्हणून गेली. कार्यक्रम दोन दिवसांचा, तिकीट काही हजार रुपयांचे. तिला मिळाले काय? एक छापील टी-शर्ट, गळ्यात अडकवायचा बिल्ला, दुपारी एक डबा आणि 'नंतर पाठवू' असे सांगितलेले प्रमाणपत्र. सकाळी अकराला उभी राहिलेली पोर रात्री बारा वाजेपर्यंत फाटकावरच होती. मुख्य गायक मंचावर आला तसा बाहेरचा जमाव कठड्याला रेटू लागला. अशा वेळी फाटक उघडायचे की लावायचे, हे तिला कुणी सांगितले नव्हते. कुणाला विचारायचे, हेही तिला ठाऊक नव्हते. सुदैवाने काही विपरीत घडले नाही. शेवटची मेट्रो केव्हाच निघून गेली होती. शेजाऱ्यांची गाडी मागून मी तिला आणायला गेलो.

वाटेत मी विचारले, "गाणे तरी ऐकलेस का?"

ती म्हणाली, "बाबा, माझी पाठ मंचाकडे होती."

त्या रात्री मला संताप आला आणि थोडे अपराधीही वाटले. कारण हे वेड घरात आणले मीच.

आर.एम.एस.मध्ये बदली होऊन दिल्लीत आलो, तेव्हा या शहरात माझे कुणी नव्हते. रात्रपाळीत टपालाच्या थैल्या वर्गवार लावून झाल्या की दिवसा झोप आणि संध्याकाळी एकटेपण. गाण्याच्या मैफलींनी मला माणसे दिली. तिथे मी सतरंज्या घातल्या, चपला सांभाळल्या, नवी दिल्ली स्टेशनवर कलावंतांना उतरवून घेतले, तंबोरे मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे, असे बायको म्हणे. मला त्याचे दुःख नाही. उलट अभिमान आहे.

दिल्लीतील गाण्याच्या सार्वजनिक कार्याशी आपल्या मराठी माणसांचे जुने नाते आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये बडोद्यात भरवली, दुसरी १९१८ मध्ये दिल्लीत. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्याच परंपरेतून पं. विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय उभे केले. १९७७ मध्ये दिल्लीच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक डॉ. किरण सेठ यांनी स्पिक मॅके ही चळवळ सुरू केली. शाळा-कॉलेजांतून होणाऱ्या तिच्या मैफलींना तिकीट नसते आणि सारा गाडा स्वयंसेवक ओढतात. अशा ठिकाणी सतरंजी उचलणारा विद्यार्थी कुणाचा नोकर नसतो. तो त्या कार्याचा भागीदार असतो. जिथे सगळेच काही ना काही देतात, तिथे आपणही आपला घाम द्यावा, यात कमीपणा कसला?

प्रश्न सुरू होतो तो तिकीटखिडकीपाशी. ज्या कार्यक्रमात गायकाला मानधन आहे, ध्वनियंत्रणेवाल्याला भाडे आहे, जाहिरातदाराला जाहिरात आहे आणि आयोजकाला नफा आहे, तिथे फाटकावर तेरा तास उभ्या राहणाऱ्यालाच तेवढी 'सेवा' का करावी लागावी? हा स्वयंसेवक नव्हे, हा बिनपगारी कामगार आहे. शिवाय तो फुकट उभा राहतो, तेव्हा त्या जागी रोजंदारीवर लागणाऱ्या एखाद्या गरीब माणसाची मजुरी बुडते, हेही विसरू नये.

दिल्लीला हा प्रश्न नवा नाही. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी या शहरात स्टेडियम, उड्डाणपूल, हॉटेले उभी राहिली. तिथल्या मजुरांचे किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होते. त्यातला एक रुपया जमादार दलाली म्हणून कापून घेत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही राज्यघटनेच्या कलम २३ ने मना केलेली सक्तीची मजुरी आहे, असा निकाल न्या. पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने त्याच वर्षी दिला. भूक आणि गरिबी हीदेखील सक्तीच, हे त्या निकालाचे मर्म होते.

माझ्या मुलीवर भुकेची सक्ती नव्हती, हे मान्य. तिचे काम वेठबिगारी ठरेल असा माझा दावा नाही. पण नोकरीच्या अर्जाला 'अनुभव' जोडावा लागतो आणि अनुभव फुकट राबल्याशिवाय मिळत नाही, हा तिच्या पिढीवरचा रेटा मला दिसतो. त्याला राजीखुशी म्हणताना जीभ अडखळते.

टपाल खात्यातील बंधूंना तर शब्दांचा हा खेळ चांगला परिचित आहे. आपल्या खात्यातील अतिरिक्त विभागीय कर्मचाऱ्यांची पदे ही शासकीय नागरी पदेच आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. २००१ च्या नियमांनी त्यांना 'ग्रामीण डाक सेवक' हे नाव मिळाले. नाव बदलले, पण नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा मिळाला नाही. २००५ पासून गावोगाव राबणाऱ्या आशा भगिनीही कागदोपत्री 'स्वयंसेविका'. सेवा हा शब्द थोर आहे, म्हणूनच तो वेतन टाळण्यासाठी वापरला जातो, तेव्हा आपण सावध झाले पाहिजे.

आता जिवाच्या प्रश्नाकडे वळू. फाटकावर उभे राहणे हे पोरखेळाचे काम नाही. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात संगीत कार्यक्रमाआधी पाऊस आला. बाहेर थांबलेली गर्दी खुल्या सभागृहाच्या फाटकातून उतरत्या पायऱ्यांवर लोटली आणि चार तरुण जीव गेले. त्या आधी १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या ग्रीन पार्कमधील उपहार चित्रपटगृहात आग लागली, तेव्हा जादा खुर्च्या टाकून बाल्कनीचा एक मार्ग बंद केलेला होता आणि दाराच्या कड्या काढायला जागेवर कुणी नव्हते. ५९ माणसे गुदमरून मेली. दार कुणी, केव्हा आणि कुणाच्या हुकमाने उघडायचे, हे ठरलेले नसले की काय होते, ते या दोन घटनांनी दाखवून दिले.

रेल्वेतील बंधूंना गर्दी समजावून सांगायला नको. २०१७ चे एल्फिन्स्टन रोड आणि फेब्रुवारी २०२५ चे नवी दिल्ली स्टेशन आपण विसरलेलो नाही. प्रशिक्षण न घेतलेल्या माणसाला आपण काट्यावर उभे करतो का? झेंडी हातात देण्याआधी त्याला नियम शिकवतो, परीक्षा घेतो, पाळीचे तास ठरवतो. हजारोंच्या जमावापुढे मात्र कालच नाव नोंदवलेली मुलगी उभी केली जाते.

कोणी म्हणेल, परदेशातही असेच चालते. तिथले एक उदाहरण पाहू. इंग्लंडमधील ग्लास्टनबरी महोत्सवात ऑक्सफॅम ही मदतसंस्था १९९३ पासून स्वयंसेवक पुरवते. ते आधी प्रशिक्षण घेतात आणि सुमारे आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या करतात. उरलेला वेळ गाणे ऐकायला मोकळा असतो. महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या कामाचे पैसे महोत्सव ऑक्सफॅमला देतो आणि ते मदतकार्याला जातात. म्हणजे श्रमाची किंमत तिथे बुडत नाही. ती कुणाला द्यायची, एवढेच काम करणारा ठरवतो. पद्धत उचलायचीच तर पूर्ण उचलावी, सोयीची तेवढी नको.

"मुलांना हौस असते, मग तुमचे काय जाते?" असा आक्षेप येईल. हौस मलाही होती. पण मी ज्या मैफलीत चपला सांभाळल्या, तिथे गाणे माझ्या कानांवर पडत होते आणि शेवटी गायक आमच्याबरोबर चहा घेत होता. हौसेचा मोबदला हौसेने तरी मिळाला पाहिजे. पाठ मंचाकडे आणि तोंड गर्दीकडे करून तेरा तास काढण्याला हौस म्हणत नाहीत.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. तिकीट लावणाऱ्या महोत्सवात फाटक, कठडे आणि गर्दीचे काम करणाऱ्याला किमान वेतन मिळालेच पाहिजे. विनातिकीट कार्यात स्वयंसेवक जरूर असावेत, पण दोन्हीकडे काही गोष्टी लेखी हव्यात: कामाची जागा, आठ तासांची मर्यादा, पाणी व जेवण, विमा, हुकूम कुणाचा मानायचा त्याचे नाव आणि रात्री घरी पोहोचवण्याची जबाबदारी. मुलाबाळांना पाठवण्याआधी आपण पालकांनी एवढे विचारून घ्यावे. उत्तर मिळाले नाही तर पाठवू नये.

आपल्या शाखाही काही करू शकतात. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद येथे आपले अनेक सभासद स्टेशनांवरील गर्दी रोज हाताळतात. त्यांनी रविवारी अर्धा दिवस काढून वस्तीतल्या तरुणांना गर्दी कशी ओळखावी, दार केव्हा मोकळे करावे, पडलेल्याला कसे उचलावे, हे शिकवावे. आपल्या गणेशोत्सवाच्या मांडवातही ते उपयोगी पडेल. त्यासाठी मी पहिला रविवार देतो, तोही फुकट.

लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आपण कधीच नाही म्हटलेले नाही. फक्त त्या विकून कुणी पैसे करत असेल, तर भाजणाऱ्याची मजुरी आधी मोजून हातावर ठेवावी.