वेड पांघरून पेडगाव, की खरेच वेड?

खुनाच्या खटल्याच्या बातमीत ‘आरोपीची मानसिक स्थिती ठीक नसल्याचा बचाव’ हे शब्द आले की, खामगावची बाजारपेठ असो वा मेहकरचे बसस्थानक, वाचणाऱ्याच्या तोंडून एकच उद्गार निघतो, ‘घेतले वेड पांघरून, आता निघाला पेडगावला!’ या उद्गारात नुसता उपहास नसतो. गावातला एक माणूस मारला गेला, मारणारा लोकांच्या डोळ्यांदेखत पकडला गेला, तरी निकालासाठी वर्षामागून वर्षे जातात आणि शेवटी एखाद्या वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आडून तो निसटेल, ही धास्ती त्यामागे असते. ही भावना अडाणी म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. पण न्यायसंस्थेचे सामर्थ्य कायद्याच्या पुस्तकात जितके असते, तितकेच ते लोकांच्या विश्वासात असते. म्हणूनच हा राग कशातून उपजतो, तो कितपत रास्त आहे आणि तो योग्य ठिकाणी पोहोचतो आहे का, याचा शांतपणे विचार झाला पाहिजे.

स्वारगेट ते कोल्हापूर

२५ जानेवारी २०१२ रोजी सकाळी एस.टी.चा चालक संतोष माने याने पुण्याच्या स्वारगेट आगारातून बस बाहेर काढली आणि ती भर रहदारीत बेफाम चालवली. नऊ निरपराध नागरिक ठार झाले, तीसहून अधिक जखमी झाले. गुन्हा दिवसाढवळ्या, शेकडो लोकांसमक्ष घडला होता. बचाव पक्षाने मानसिक आजाराचा मुद्दा मांडला आणि पूर्वी सोलापुरात उपचार घेतल्याचा दावा केला. एप्रिल २०१३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीला रीतसर सुनावणी मिळाली नाही म्हणून उच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवले. डिसेंबर २०१३ मध्ये पुन्हा फाशी झाली, सप्टेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचे रूपांतर जन्मठेपेत केले. सात वर्षे गेली. लोकांच्या मनात मात्र एवढेच उरले की, ‘वेडाचे सोंग घेतले आणि वाचला.’

वस्तुस्थिती वेगळी आहे. मानेला वेडाच्या बचावावर निर्दोष सोडले गेले नाही. तो खुनी ठरला आणि अखेरपर्यंत खुनीच राहिला. सात वर्षांतील मोठा काळ खाल्ला तो एका चुकलेल्या पायरीने आणि अपिलांच्या प्रतीक्षेने.

आता दुसरे प्रकरण पाहू. कोवळ्या बालकांचे अपहरण करून त्यांचे खून पाडणाऱ्या रेणुका शिंदे आणि सीमा गावित या कोल्हापूरच्या बहिणी १९९६ मध्ये पकडल्या गेल्या. २००१ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना फाशी दिली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यानंतर दयेच्या अर्जाची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर इतकी वर्षे फिरली की, अर्ज फेटाळला जायला २०१४ साल उजाडले. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या दिरंगाईवर बोट ठेवून फाशी रद्द केली आणि जन्मठेप कायम केली. त्या मातांच्या वाट्याला पाव शतकाची प्रतीक्षा आली, आणि ती कोणत्याही मनोविकारतज्ज्ञामुळे आलेली नव्हती. ती सरकारी दप्तरामुळे आली होती.

कोपर्डीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. जुलै २०१६ मधील त्या अमानुष अत्याचार आणि खुनाचा निकाल सत्र न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये, म्हणजे सोळा महिन्यांत दिला. लाखोंच्या मूक मोर्चांनी मागितलेला वेग तेथे दिसला. पण पुढे उच्च न्यायालयात प्रकरण रेंगाळले आणि मुख्य दोषीने सप्टेंबर २०२३ मध्ये येरवडा कारागृहात गळफास घेतला, तेव्हाही फाशीवर शिक्कामोर्तब झालेले नव्हते. खालच्या न्यायालयात घोडदौड आणि वरच्या पायरीवर मुक्काम, याला जलद न्याय म्हणता येत नाही.

कायदा नेमके काय म्हणतो?

भारतीय दंड विधानाचे कलम ८४ आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२ झाले आहे. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली, तरी या तरतुदीचा गाभा तोच आहे. कृत्य करताना मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत, किंवा ते चुकीचे वा बेकायदा आहे, हे समजण्यास जो असमर्थ होता, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. येथे ‘कृत्य करताना’ हे शब्द कळीचे आहेत. आजार असणे पुरेसे नाही, औषधे चालू असणेही पुरेसे नाही. त्या क्षणी विवेक हरपला होता, हे आरोपीने दाखवायचे असते. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका खटल्यात हा भार आरोपीवर असल्याचे सांगितले. मात्र तो सरकार पक्षावरील भाराइतका जड नाही, संभाव्यता दाखवली तरी पुरे, हेही स्पष्ट केले. न्यायाधीश घटनेच्या आधीचे, त्या वेळचे आणि नंतरचे वर्तन तपासतात. शस्त्र लपवणारा, रक्ताचे कपडे धुणारा, पळून जाणारा माणूस हा बचाव सहसा सिद्ध करू शकत नाही.

शिवाय या बचावावर सुटलेला आरोपी दुसऱ्या दिवशी गावात मोकळा फिरतो, हाही गैरसमज आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३३५ असो वा आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३७४, अशा व्यक्तीला सुरक्षित ताब्यात ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे. पुरेशी हमी घेऊन तिला नातेवाइकांच्या स्वाधीन केले जाऊ शकते. पण त्यासाठी ती स्वतःला वा इतरांना अपाय करणार नाही, याची खात्री पटावी लागते.

या तत्त्वाचे मूळ १८४३ मधील इंग्लंडच्या मॅकनॉटन खटल्यात सांगितले जाते. पंतप्रधान पील यांच्या सचिवाला गोळी घालणारा मॅकनॉटन वेडाच्या कारणाने सुटला, तेव्हा लंडनमध्येही आजच्या बुलढाण्यासारखाच संताप उसळला होता. परंतु उन्मत्ताला शहाण्याच्या मापाने मोजू नये, हा विचार आम्हाला इंग्रजांकडून शिकावा लागलेला नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात ज्यांना यातना देऊन चौकशी करू नये असे बजावले, त्यांत बालक, वृद्ध आणि रुग्ण यांच्यासोबत उन्मत्ताचाही समावेश आहे. चरकसंहितेने उन्माद हा चिकित्सेचा विषय मानून त्याला स्वतंत्र अध्याय दिला. दंडाची कठोरता आणि रुग्णाविषयीची करुणा या दोन्ही गोष्टी आपल्या परंपरेत एकत्र नांदल्या आहेत.

कागद नसलेले वेड

खरी गुंतागुंत पुढे आहे. महाराष्ट्रातील एका पोलिस शिपायाने १९९४ मध्ये आपल्या पत्नीचा खून केला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला कलम ८४ चा लाभ दिला. त्याचे कारण, घटनेपूर्वीपासूनच्या त्याच्या स्किझोफ्रेनियाच्या उपचारांच्या नोंदी रुग्णालयात होत्या आणि कुटुंबातील आजाराचा इतिहासही न्यायालयासमोर आला. थोडक्यात, त्याच्या वेडाला कागद होता.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील किती रुग्णांकडे असा कागद असेल? पिंपळगाव सराईजवळचे सैलानी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. होळीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत नारळांची होळी पेटते आणि ठिकठिकाणची हिंदू-मुसलमान कुटुंबे ‘बाहेरची बाधा’ झालेल्या आपल्या माणसांना घेऊन तेथे येतात. एरवीही कुणी महिनोन् महिने तेथे मुक्काम करते, कुणाच्या पायात साखळी असते. येणाऱ्यांच्या श्रद्धेची वा अगतिकतेची टवाळी करण्याचे कारण नाही. पण २००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडात जखडलेल्या अठ्ठावीस मनोरुग्णांना पळताही आले नाही, हे विसरून चालणार नाही. राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे आणि मारहाण करणे हा गुन्हा ठरवला, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आजाराच्या प्रकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते.

असा एखादा रुग्ण उद्या भ्रमाच्या भरात सख्ख्या भावावर कुऱ्हाड उगारतो, तेव्हा न्यायालयासमोर काय येते? डॉक्टरची चिठ्ठी नाही, रुग्णालयाची नोंद नाही. ‘त्याला बाधा होती’ असे सांगणारी एक म्हातारी आई तेवढी असते, आणि तिची साक्ष मायेची म्हणून बाजूला पडते. उलट ज्याच्या गाठीला पैसा आहे, तो गुन्ह्यानंतर तज्ज्ञ शोधतो आणि कागदांची थप्पी लावतो. न्यायालये अशा कागदांना बहुधा भुलत नाहीत, पण त्यांच्या उलटतपासणीत काळ मात्र जातो. अशा रीतीने सोंग घेणारा वेळ मिळवतो आणि खरा रुग्ण न्याय गमावतो. लोकांचा राग पहिल्यावर असतो, पण त्याचा तडाखा दुसऱ्याला बसतो.

पाहताक्षणी कुणाला वेडा वा शहाणा ठरवू नये, हे तर शेगावच्या जिल्ह्याला सांगायला नको. १८७८ मध्ये उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचणाऱ्या एका दिगंबर पुरुषाला पाहून अनेकांनी पिसाच म्हटले होते. त्याच गजानन महाराजांच्या चरणी आज लाखो लोक माथा टेकतात.

वेळेवर तपासणी, वेळेवर निकाल

नॉर्वेमध्ये जुलै २०११ मध्ये ब्रेव्हिक नावाच्या माथेफिरूने ७७ जणांचे प्राण घेतले. तज्ज्ञांच्या पहिल्या पथकाने त्याला मनोरुग्ण ठरवले, त्यावर लोकक्षोभ झाला, तेव्हा न्यायालयाने दुसरे पथक नेमले. त्या पथकाने उलट मत दिले. दोन्ही अहवाल उघडपणे तपासून ऑगस्ट २०१२ मध्ये न्यायालयाने तो शुद्धीवर होता असा निकाल दिला. वेडाचा प्रश्न पूर्णपणे तपासूनही खटला तेरा महिन्यांत संपला. याचा अर्थ, मानसिक तपासणी आणि विलंब यांची गाठ अटळ नाही.

आपल्याकडे २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की, तपासात आरोपीच्या मनोविकाराचा पूर्वेतिहास आढळला तर त्याची वैद्यकीय तपासणी करून अहवाल न्यायालयापुढे ठेवणे हे प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. तसे न केल्यास सरकार पक्षाचीच बाजू लंगडी पडते. नव्या संहितेने सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद केली, युक्तिवाद संपल्यावर निकालासाठी मुदत घातली. ही पावले स्वागतार्ह आहेत. त्यांत एका पावलाची भर हवी. खुनाच्या प्रत्येक आरोपीची अटकेनंतर काही दिवसांतच सरकारी मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी आणि तिची नोंद दोषारोपपत्रासोबत जोडली जावी. दोन वर्षांनी केलेल्या तपासणीतून दोन वर्षांपूर्वीचे मन सापडत नाही. अशी नोंद झाली तर सोंगाड्याचे पितळ पहिल्याच आठवड्यात उघडे पडेल आणि खऱ्या रुग्णाला हक्काचा पुरावा मिळेल.

यासाठी तज्ज्ञ जवळ असला पाहिजे. राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बुलढाण्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात पडते. पोलिस बंदोबस्त, वाहन, तारीख आणि खाट या चारही गोष्टी जुळून येईपर्यंत महिने उलटतात, आणि खटला त्या अहवालाची वाट पाहत थांबतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत बुलढाण्याचेही नाव आहे. तेथील मनोविकारशास्त्र विभाग पूर्ण क्षमतेने चालावा आणि जिल्ह्यातील न्यायालयांना ठरावीक मुदतीत अहवाल देण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवावी, ही मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे. तसेच फाशीच्या प्रकरणांत उच्च न्यायालयातील सुनावणीला आणि दयेच्या अर्जाला ठाम कालमर्यादा हवी. कोल्हापूर आणि कोपर्डीने दिलेला हा धडा आहे.

समाजाचे काम

उरलेले काम शासनाचे नाही, ते आपले आहे. घरातला तरुण रात्ररात्र जागतो, एकटाच बोलतो, ‘मला मारायला टपले आहेत’ म्हणतो, तेव्हा सोयरीक मोडेल या भीतीने घर त्याला लपवते. त्या घराचा उंबरठा ओलांडून ‘हा आजार आहे, याला औषध आहे’ असे सांगणारे कुणी हवे. वस्तीवस्तीत संपर्क असलेला स्वयंसेवक, सेवाकार्यातील भगिनी, शाळेतला शिक्षक हे काम ज्या विश्वासाने करू शकतात, तसे सरकारी फलकाला साधणार नाही. जिल्हा रुग्णालयापर्यंत सोबत जाणे आणि औषध सुटणार नाही यावर लक्ष ठेवणे एवढे झाले, तरी एखादा खून घडण्याआधीच टळेल. यात एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागेल. मनोरुग्ण म्हणजे खुनी, हे समीकरण आपल्या बोलण्यातूनसुद्धा रुजता कामा नये. बहुसंख्य रुग्ण कुणालाही इजा करीत नाहीत, उलट तेच छळाचे बळी ठरतात.

मृताच्या कुटुंबाकडेही तितकेच लक्ष हवे. तारखेमागून तारखेला येणारी विधवा आणि दबावाखाली डगमगणारा साक्षीदार यांच्या पाठीशी गाव उभे राहिले, तर साक्षीदार फितूर होणे कमी होईल. विलंबाचा सर्वाधिक लाभ साक्षीदार फोडणाऱ्याला होतो.

नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाचा दोष थेट राघोबादादांवर ठेवणारे रामशास्त्री प्रभुणे आजही महाराष्ट्राच्या जिभेवर आहेत, कारण निवाडा देताना त्यांनी ना सत्ता पाहिली ना स्वतःची सोय. आज लोकांना हाच निःस्पृह निवाडा हवा आहे आणि तो वेळेत हवा आहे. सोंग घेणाऱ्याला आडोसा मिळू नये आणि ज्याचा विवेक आजाराने हिरावला त्याच्या गळ्यात फास पडू नये, या दोन्ही अपेक्षा एकाच न्यायबुद्धीतून येतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ज्या दिवशी आपल्या जिल्ह्यात कुणाला आठवणार नाही, त्या दिवशी पेडगावची वाट आपोआप ओस पडेल.