रुग्णवाहिकेला वाट द्या, तिच्यातील माणसांना मान द्या

एखादा रुग्ण मरणाच्या दारातून परत आला की घरची मंडळी पेढे घेऊन डॉक्टरांकडे जातात. सर्जनचे आभार मानतात, अतिदक्षता विभागातल्या सिस्टरांची तोंडे गोड करतात, कुलदैवतापुढे नारळ फोडतात. यात गैर काहीच नाही. पण ज्याने त्या रुग्णाला लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून उचलून खाली आणले, गाडीत ऑक्सिजन लावला आणि रुग्णालयाच्या दारापर्यंत त्याची नाडी सोडली नाही, तो माणूस कोण होता हे घरच्यांना आठवतही नाही. आपल्या बोलीत त्याला धड नावसुद्धा नाही. ‘ॲम्ब्युलन्सवाला’ म्हटले की आपण मोकळे!

दवाखान्यात बसणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला या माणसांचे मोल चांगले ठाऊक असते. छातीत कळ आलेल्या रुग्णाला आम्ही तपासतो, ॲस्पिरिनची गोळी चघळायला देतो, चिठ्ठी लिहितो आणि मोठ्या रुग्णालयात पाठवतो. आमचे काम दवाखान्याच्या पायरीवर संपते. तिथून पुढची वीस-पंचवीस मिनिटे सर्वांत धोक्याची, आणि ती या माणसांच्या हाती असतात.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पट्ट्यात तर या कामाला उसंत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली. ७४ जीव गेले. ढिगाऱ्याखालून जिवंत माणसे काढण्याचे काम रात्रंदिवस चालू होते. २६ मे २०१६ रोजी डोंबिवली एमआयडीसीत प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. १२ जण दगावले आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटून कितीतरी लोक रक्तबंबाळ झाले. २३ मे २०२४ रोजी त्याच औद्योगिक वसाहतीत पुन्हा स्फोट झाला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, तेव्हा एनडीआरएफ, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी हजाराहून अधिक प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले. त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या. आणि ९ जून २०२५ ची सकाळ कोण विसरेल? मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गच्च भरलेल्या लोकलच्या दारांतून प्रवासी खाली पडले. चौघे त्याच दिवशी गेले.

या मोठ्या घटना वर्तमानपत्रात येतात. पण लोकलमधून एखादा पडला तर ती बातमी चार ओळींची. स्टेशन मास्तरांचा मेमो निघतो, रेल्वे पोलीस आणि स्ट्रेचर उचलणारे हमाल रुळांच्या कडेने खडीवरून धावतात, जखमीला फलाटावर आणतात आणि रुग्णवाहिकेत घालतात. त्या हमालांच्या हातून किती जीव वाचले असतील याचा हिशेब कोणी मांडत नाही.

हे नुसते उचलून नेण्याचे काम आहे असा पुष्कळांचा समज असतो. तो चूक आहे. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वास कोंडू शकतो. तो मार्ग मोकळा ठेवावा लागतो. मानेच्या मणक्याला इजा असेल तर चुकीच्या तऱ्हेने उचलल्यामुळे माणूस जन्माचा पांगळा होऊ शकतो, म्हणून मान न हलवता त्याला फळीवर घ्यावे लागते. मांडीचे हाड मोडले तर बाहेर थेंबही न दिसता आत लिटरभर रक्त साचू शकते. हृदय बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. तेवढ्यात छातीवर दाब देणे सुरू झाले नाही, तर पुढे कितीही मोठे रुग्णालय असले तरी उपयोग थोडा.

जगाला हे कळायलाही वेळ लागला. १९६६ साली बेलफास्टमध्ये डॉ. फ्रँक पॅन्ट्रिज यांनी हृदयाला विजेचा झटका देण्याचे यंत्र गाडीत बसवले आणि रुग्णालयच रुग्णाच्या दारी नेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात ‘फ्रीडम हाऊस’ नावाची रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. डॉ. पीटर साफार यांनी तिथल्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतल्या तरुणांना रीतसर प्रशिक्षण दिले. त्यांतल्या अनेकांना त्याआधी काम मिळत नव्हते. तेच तरुण पुढे त्या देशातल्या पॅरामेडिक सेवेचे आद्य कर्मचारी ठरले. हे कौशल्य पदवीवर अडून बसत नाही. नीट शिकवले तर माणूस तयार होतो, हा त्यातला धडा.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २६ जानेवारी २०१४ पासून सुरू झाली. सुरुवातीला गाड्या होत्या ९३७. त्यांपैकी २३३ गाड्यांत अधिक गंभीर रुग्णांसाठी लागणारी साधने होती. गाडीबरोबर डॉक्टर असणे हे आपल्या राज्यातल्या या सेवेचे वैशिष्ट्य. गाडी चालवणाऱ्याला तिथे ‘पायलट’ म्हणतात, आणि ते नाव त्याला शोभते. कल्याणचा जुना पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडल्यापासून नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये खुला होईपर्यंत, तसेच डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर २०१९ ते सप्टेंबर २०२१ बंद असताना, इथल्या रस्त्यांवरून रुग्ण नेणे म्हणजे काय होते ते ज्यांनी नेले त्यांनाच विचारा.

आता थोडे कटू बोलतो. गाडी उशिरा आली की नातेवाईक पहिला हात टाकतात तो याच माणसांच्या कॉलरवर. रस्त्यावर दुहेरी पार्किंग कोणी केले? सोसायटीच्या फाटकात आडवी मोटार कोणाची होती? पत्ता सांगताना खुणेची जागा कोणी सांगितली नाही? वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवर हल्ला करणाऱ्याला २०१० च्या राज्याच्या कायद्यान्वये तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सायरन ऐकूनही रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पण शहाण्या गावात यासाठी कायदा लागू नये.

दुसरी गोष्ट शासनाला आणि महापालिकांना. ‘देवासारखे धावून आले’ असे म्हणणे सोपे असते. देवाला पगार लागत नाही, साप्ताहिक सुट्टी लागत नाही, हातमोजे लागत नाहीत. माणसाला लागतात. सतत रक्त आणि मृत्यू पाहणाऱ्याच्या मनावर काय परिणाम होतो, याचाही विचार हवा. १०८ ची सेवा ठेकेदारी पद्धतीने चालते. ठेका कोणाचाही असो, वेळेवर पगार, विमा, कामाचे मोजके तास आणि दर वर्षी उजळणीचे प्रशिक्षण या चार गोष्टी करारातच लिहिलेल्या असाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२१ साली संसदेने संमत केलेल्या कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञांना मान्यताप्राप्त व्यावसायिकांत स्थान दिले आहे. कागदावरची ती मान्यता त्यांच्या पगारपत्रकातही दिसली पाहिजे.

वाचकांनी काय करावे? फोन करताना खुणेची जागा सांगा आणि एका माणसाला रस्त्यावर उभे करा. लिफ्ट खाली धरून ठेवा. रुग्णाचे जुने कागद आणि चालू गोळ्या बरोबर द्या. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हळद किंवा कॉफी पूड लावू नका. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडा. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने जोराने दाब द्या आणि गाडी येईपर्यंत थांबू नका.

‘पोलिसांची झंझट नको’ म्हणून अपघातातल्या जखमीपासून दूर पळू नका. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले की जीव वाचवणे आधी, कायद्याचे सोपस्कार नंतर. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, हे आता कायद्यातच आहे.

शेवटी एक सूचना. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेल्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. म्हणून तो दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी डॉ. आंबेडकर जयंतीची सुट्टी असल्याने सगळे घरी असतात. प्रत्येक सोसायटीने अग्निशमन केंद्रातल्या जवानांना आणि रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना तासाभरासाठी बोलवावे. शाल-श्रीफळ द्या, चहा-नाश्ता द्या, आणि मग सतरंजी अंथरून छातीवर दाब कसा द्यायचा ते त्यांच्याकडून शिकून घ्या. वॉचमनला आणि घरकाम करणाऱ्या बायकांनाही त्यात बसवा. रुग्णवाहिका येईपर्यंतच्या दहा मिनिटांत रुग्णाजवळ कदाचित त्यांच्यापैकीच कोणी असेल.